भक्तीला काही विचारू नका

“कुणी न्हाई,” भक्ती म्हणाली आणि पुन्हा रुळांकडं बघायला लागली. विचारणारी खाकीतली पोरगी होती, रेल्वेची पोलीस, वयानं कासाबाईच्या धाकट्या भाचीएवढी. तिनं साधंच विचारलं होतं, ही बाई कोण तुझी. परभणीच्या फलाटावर सकाळपासून बाकाच्या या टोकाला दहा-अकरा वर्षांची पोरगी, त्या टोकाला पन्नाशीची लुगड्यातली बाई, मधे कपड्यांची पिशवी आणि पोरीचे डोळे सुजलेले. पोलिसानं विचारू नये तर काय करावं. कासाबाईच्या हातात डबा उघडाच राहिला. डब्यात धपाटे होते. पहाटे उठून थापलेले, वरून तीळ दाबलेले, कारण या पोरीला तिळाशिवाय धपाटा गिळत नाही. कुणी नाही. म्हणजे तीळ कुणी दाबले, कुणीच नाही. वेणी कुणी घातली, कुणीच नाही. कासाबाईची कानशिलं तापली. ताडकळसच्या बाजारात ती मेंढरं घेऊन उतरली की खाटीकसुद्धा आवाज खाली घेऊन बोलत. दिरांची लग्नं तिनं ठरवली, जावांची बाळंतपणं तिनं काढली, कळपातली कोणती मेंढी कधी विकायची हे तिच्याशिवाय कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. तिला आजवर कैदाशीण म्हणणारे भेटले, त्याहून वाईट म्हणणारे भेटले. कुणी नाही म्हणणारं आजच भेटलं, आणि तेही वीतभर.

“लेकरू रागात हाय बाई,” ती पोलिसाला म्हणाली. “मी तिच्या बापाची बायको.”

“म्हणजे आई?”

“आई गाडीनं येणार हाय. तिचीच वाट बघायलोत आमी.”

“तुमी बापाची बायको, मग येणारी कोण?”

“तुमाला समजायला वेळ लागंल. आमालाच अजून समजलं न्हाई.”

पोलीस हसली नाही. “बापाला फोन लावा,” ती म्हणाली. “अन् आवाज मोठा करा.”

भुजंग धान्याच्या मोंढ्यात टेम्पोवर होता. मागं हमालांचा गलका, आणि त्यावर त्याचा आवाज, बायकोनं हॅलो म्हणायच्या आत सुरू झालेला. “आली न्हाई ना ती? मला ठावंच होतं. आता असं कर, पोरीचा एक फोटो काढ. मागं फलाटावरलं घड्याळ येऊ दे. अन् रडायली असंल तर लय चांगलं, तसाच काढ, डोळे पुसू नको. वकिलाला पाठवायचाय. आई कशी हाय ते कोर्टातल्या साहेबाला दिसू दे एकदा.” पोलिसानं ऐकलं. तिनं भक्तीकडं बघितलं, कासाबाईकडं बघितलं, आणि चोरी पकडल्यासारखी तिचीच नजर खाली गेली. “लेकराला पाणी पाजा,” एवढंच म्हणून ती पुढच्या फलाटाकडं चालायला लागली.

“मला न्हाई येत फोटो काढायला,” कासाबाई फोनमधे म्हणाली आणि लाल बटण दाबलं. फोटो तिला येत होता. चार यत्ताही न शिकलेल्या बाईला जे येऊ नये ते सगळं तिला येत होतं. ताडकळसला कळपात नवं कोकरू झालं की धाकटा दीर ग्यानबा त्याचा फोटो पाठवायचा, आणि ही इकडून भक्तीचा पाठवायची. अंगानं कोण भरतंय ते दोघं ताडून बघायचे. गेल्या दोन महिन्यांत तिनं एकही पाठवला नव्हता. ग्यानबानं विचारलं तर म्हणाली, फोन बिघडलाय.

कुणी नाही हा शब्द काही जाईना. जिभेला अडकलेल्या केसासारखा तो आत कुठंतरी वळवळत होता. पोरगी खोटं बोलली असं तरी कसं म्हणावं. पहिला नवरा वीज पडून मेंढरांमागंच गेला तेव्हापासून कासाबाई एकटी उभी होती आणि बरी होती. पण दिरांच्या सुना आल्या, घर भरलं, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण बोलायला लागलो की सुना एकमेकींकडं बघतात. तेव्हा तिनं भुजंगाचं स्थळ ऐकून घेतलं. त्याचं बायकोशी पटलं नव्हतं, पंचांसमोर गवताची काडी मोडून दोघांनी एकमेकांना सोडलं होतं, पोरगी बापाकडं होती आणि पोरीला बघायला बाई पाहिजे होती. बाई पाहिजे, म्हणजे बायको पाहिजे असंही नाही. कासाबाईला ते पटलं होतं. हौसेच्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, कामाच्या गोष्टींवर होता. मोहतूर लागला, दुसरेपणाचं लग्न ते, आणि ती मेंढरं ग्यानबाच्या हवाली करून परभणीला मोंढ्यामागच्या खोलीत आली. आणि मग त्या राजेश्रीला कुणीतरी सांगितलं की काडी मोडल्यानं कायद्यात काही मोडत नाही. ती कोर्टात गेली. आता पोरगी कुणाची हे तारखेवर होतं, पोटगी तारखेवर होती, आणि कासाबाई बायको आहे की नाही हेसुद्धा तारखेवरच होतं. तोवर ठरल्या शनिवारी राजेश्रीनं फलाटावर यायचं आणि पोरीला भेटीला घेऊन जायचं. शेजारची सगुणाबाई तिला पहिल्या दिवसापासून भक्तीची धाकली आई म्हणायची. राजेश्रीपेक्षा ही चांगली पंधरा वर्षांनी मोठी, पण मागून आलेली म्हणून धाकली. कासाबाईला त्याचा राग यायचा. आज वाटलं, धाकली तर धाकली, तेवढं तरी म्हणायचं होतं पोलिसाला. पण भक्तीनं तिला कधी कोणत्याच नावानं हाक मारली नव्हती. लागेल तेव्हा “अहो” म्हणायची, ते रिक्षावाल्यालाही म्हणतात.

ऊन फलाटाच्या पत्र्यावरून खाली उतरायला लागलं. पूर्णेकडून एक गाडी आली, माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, राजेश्री उतरली नाही. पोरीची मान प्रत्येक डब्याच्या दाराबरोबर फिरत होती, आणि कासाबाईची नजर त्या मानेवर. अशी मान तिनं जानेवारीत बघितली होती. शाळेच्या गॅदरिंगला भक्ती शेतकरणींच्या नाचात पहिल्या रांगेत होती. कासाबाईनं स्वतःचं हिरवं लुगडं आखूड करून तिला नेसवलं होतं, काष्टा असा घट्ट की उड्या मारल्या तरी सुटू नये. राजेश्री ऐन वेळी आली आणि मांडवाच्या मागंच ते लुगडं सोडायला लागली. माझ्या लेकीला तिचं उष्टं नेसवायचं न्हाई, म्हणाली. भुजंगानं तिचा हात धरला, तिनं त्याची कॉलर धरली, शाळेच्या बाई धावल्या. आणि कासाबाई काय करत होती? ती तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसून मोठ्यानं म्हणाली, सोड म्हणावं, नागवीच नाचू दे. सगळा मांडव हसला. बोलणं तिचं नेहमी असंच बसायचं, नेमकं आणि जागच्या जागी, आणि एरवी लोक हसले की तिला बरं वाटायचं. मग गाणं लागलं. भक्ती एका हातानं लुगडं धरून स्टेजवर आली, दुसऱ्या हातानं थोडी नाचली, आणि मधेच थांबली. गाणं संपेपर्यंत ती नुसती उभी होती, मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत, कुणाकडं बघायचं ते न कळून. बाकीच्या पोरी तिच्या अंगावरून वळसे घालून नाचत होत्या.

त्यानंतर अंथरूण ओलं व्हायला लागलं. एवढी घोडी झाल्यावर. कासाबाई कुणाला बोलली नाही. भुजंग उठायच्या आत ओली गोधडी काढायची, पोरीच्या अंगाखाली सुकी सारायची, पोरगी जागी असली तरी झोपेचं सोंग करायची आणि ही ते सोंग खरं मानायची. हे दोघींचं न बोलता ठरलं होतं, आणि कासाबाईला आत कुठंतरी वाटायचं की चला, एक तरी गोष्ट आपल्या दोघींचीच आहे. सगुणाबाई विचारायची, “रोजचंच धुणं काय हो कासाबाई?” ही म्हणायची, “ढेकणं झालेत. तुमच्याच भिंतीतून आलेत.” सगुणाबाई आठवडाभर बोलत नसे, काम झालं. भुजंगाला ठाऊक झालं असतं तर तेही वकिलाला सांगितलं असतं त्यानं. राजेश्रीला कळलं असतं तर तिनंही तिच्या वकिलाला. या दोघांच्या हातात पोरीचं मुतसुद्धा कागदावर चढलं असतं.

आणि एवढं सगळं सांभाळून तिनं ती ओढणी धुतली. मागच्या भेटीहून भक्ती आईची जुनी ओढणी घेऊन आली होती, निळी, कडेला टिकल्या गळालेली. रात्री तोंडावर घेऊन झोपायची. एका सकाळी कासाबाईनं गोधडीबरोबर तीही सोड्याच्या पाण्यात टाकली, दगडावर आपटून धुतली आणि तारेवर वाळत घातली. चुकून नाही. तिच्या हाताला ते काम ठाऊक होतं. मेंढी मेली, कोकरू मागं राहिलं, की ते दुसऱ्या मेंढीखाली लावायचं असतं. आणि त्याच्या अंगावर आधीच्या आईचा वास असला तर काही जमत नाही. आधी तो वास पुसून काढायचा, मग नव्या मेंढीचंच दूध पिळून कोकराच्या पाठीला, शेपटाखाली चोळायचं, आणि मग लावायचं. जन्मभर तिनं हेच केलं होतं, आणि तिच्या हातचं कोकरू बहुतेक वाचायचं. शाळेतून आल्यावर भक्तीनं तारेवरची ओढणी काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली, घडी केली आणि कासाबाईच्या पुढ्यात आणून ठेवली, भांडं घासून ठेवावं तशी. तेव्हापासून ती बोलली तर भिंतीकडं बघून बोलायची.

फोन वाजला. राजेश्रीचा. कासाबाईनं दोनदा लावला होता तेव्हा उचलला नव्हता.

“कुठं हायस?” कासाबाई म्हणाली.

“घरी हाय. मी येत नसते.”

“लेकरू सकाळपासून बसलंय इथं.”

“मागच्या खेपी मी बसले होते तिथंच. तुमच्या नवऱ्यानं ताप हाय म्हणून सांगितलं अन् धाडली न्हाई. ताप होता का तिला? सांगा ना, होता का?”

कासाबाईनं भक्तीकडं बघितलं. ताप नव्हता.

“मंग. आता त्याला कळू द्या वाट बघणं काय असतंय ते.”

“अगं बाई, वाट तो बघायलाय का? तो मोंढ्यात चहा प्यायलाय. वाट लेकरू बघायलंय.”

मग राजेश्रीचा आवाज पातळ झाला. “तिला द्या.”

भक्तीनं फोन कानाला लावला. “हूं,” म्हणाली. “हूं. मंग कवा?” मग बराच वेळ ऐकलं. “न्हाई, पप्पा काही न्हाई म्हणले. न्हाई, खरंच न्हाई. बरं.” फोन परत देताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. कासाबाईला तेच बरं वाटलं नाही. मेंढरू आजारी पडतं तेव्हा ओरडत नाही. तिनं खाली बघितलं. पोरीच्या फ्रॉकचा खालचा घेर काळपट होत चालला होता आणि बाकाच्या फळीवरून थेंब खाली पडायला लागले होते. भक्ती ताठ बसली होती, गुडघे घट्ट आवळून, समोर बघत. समोरच्या बाकावर कॉलेजची पोरं होती आणि त्यांतल्या एकानं मोबाईलमधून मान वर केली होती.

कासाबाईनं पाण्याची बाटली उघडली आणि उलटी केली. पोरीच्या मांडीवर, स्वतःच्या लुगड्यावर, फळीवर, खाली फरशीवर, संपूर्ण. “अगं माय माय,” ती सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी म्हणाली, “सांडली की बाटली. सगळं लेकरू भिजवलं की गं मी.” समोरची पोरं हसली. एक म्हणाला, “मावशीचे हात कापायलेत रे.” मघाची पोलीस लांबून परत आली. “बघून तरी धरावं ना मावशी, घसरून कुणी पडलं म्हणजे?” एरवी कुणी एवढं बोलून कासाबाईपुढून उभा गेला नसता. हात कापतात म्हणणाऱ्याच्या सात पिढ्यांना तिनं फलाटावर उभं केलं असतं, शब्द तोंडात तयारही होते, नेमके, बसणारे. तिनं ते गिळले. “म्हातारी झाले बाबा,” ती म्हणाली, “चूक झाली.” आणि हे म्हणताना तिला वाटलं, एवढ्या वर्षांत आपण कधी चूक झाली असं म्हणालोच नाही की काय.

बायकांच्या मुतारीत तिनं पोरीचा फ्रॉक बदलला. पिशवीत आईकडं घालायला म्हणून ठेवलेला चांगला ड्रेस होता, तोच घातला. भक्ती भिंतीकडं बघून उभी होती, पण बोलली. “तुमी मुद्दाम सांडलंत.”

“मला काय दुसरा धंदा न्हाई?”

“मी बघितलं.”

“बघितलंस तर गप बस.”

बाहेर आल्या तेव्हा नांदेडकडं जाणारी पॅसेंजर लागली होती. कासाबाईला भुजंग म्हणाला होता, परत घेऊन ये. घर म्हणजे ती खोली, संध्याकाळी भुजंग येणार, पोरीला समोर बसवणार आणि विचारणार, काय म्हणली तुझी माय फोनवर. राजेश्री म्हणाली होती, पुढच्या शनिवारी बघू. आणि पुढच्या शनिवारी भुजंग म्हणणार, आता माझी पाळी. दोघंही आपापल्या जागी बरोबर, दोघांकडं वकील, दोघांकडं कागद. दोन्हीकडून ओढलेल्या कासऱ्यानं गळा जनावराचाच काचतो, हे दोघांपैकी एकालाही दिसत नव्हतं, आणि गुरांत वाढलेल्या भुजंगालाही दिसत नव्हतं याचाच तिला जास्त संताप आला. राजेश्रीच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही असं ती मोहतुराच्या दिवशीच बोलून बसली होती, चार माणसांत. तिनं पोरीचा दंड धरला आणि डब्यात चढवलं. तिकीट खिडकीवर काढायचं राहिलंच. मनात म्हणाली, पकडलं तर पकडू दे, तेवढंच एक राहिलंय आज.

पिंगळी गेलं नाही तोच भुजंगाचा फोन. “फोटो आला न्हाई अजून.”

“न्हाई येणार. आमी चुडाव्याला जायलोत, तिच्या मायकडं.”

“डोकं फिरलं का तुझं? आपणच नेऊन सोडली तर केसमधे काय ऱ्हातंय? ती म्हणंल, बघा, आणून देतेत.”

“म्हणू द्या.”

“मंग तू बी तिथंच ऱ्हा. माझ्या घरात पाय ठेवू नको.”

“घर कुणाच्या नावानं भाड्यानं घेतलंय ते बघा आधी, मंग बोला,” कासाबाई म्हणाली आणि फोन पदरात गुंडाळून कनवटीला खोचला. तिथं तो मधमाशीसारखा गुणगुणत राहिला. शेजारची बाई चोरून ऐकत होती. कासाबाईनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं खिडकी बघायला घेतली.

खिडकीतून कुठंतरी हळद शिजत असल्याचा वास आला, मातकट, गरम. भक्ती नाक वर करून तो घेत होती. आणि त्या वर केलेल्या नाकाकडं बघता बघता कासाबाईच्या डोक्यात काहीतरी उलटं फिरलं. कोकराला वास लागतच नाही. उपाशी कोकरू कुणाखालीही जातं, शेळीखाली जातं, माणसाचं बोट चोखतं. वास लागतो तो मेंढीला. तीच हुंगते, तीच ढुशी मारते, तिच्याचसाठी कोकराला पुसायचं आणि चोळायचं. जन्मभर हातानं केलेलं काम, आणि त्यातलं कोण काय करतं हे तिला आज, विनातिकीट बसल्यावर कळत होतं. ती ओढणी पोरीसाठी धुतलीच नव्हती. पोरीला दोन्ही वास चालले असते. एक तोंडावर घेऊन दुसरीच्या हातचे धपाटे तिनं खाल्ले असते. सहन झालं नाही ते कासाबाईला. पहाटे गोधडी बदलताना त्या ओढणीचा वास तिच्या नाकात जायचा, खोबरेल आणि कसलीशी पावडर, आणि पोटात ढुशी उठायची. तिला स्वतःचा एवढा राग आला की तिनं डबा उघडला आणि एक धपाटा स्वतःच खाल्ला, दातांखाली तीळ फोडत, चव न घेता. भक्तीनं डब्याकडं बघितलं, मग तोंड फिरवलं.

चुडाव्याला उतरून दोघी वाटेला लागल्या. राजेश्री भावाच्या घरी राहायची, गावाच्या अलीकडच्या गल्लीत. घराचा पत्रा दिसायला लागला तशी कासाबाई बाभळीखाली थांबली.

“जा आता. ते बघ, दार उघडं हाय. मी हितं बसते. सांजच्या गाडीला ये.”

भक्ती जागची हलली नाही. “तुमी पण चला.”

“मला कुणी पायघड्या घातल्यात तिथं?”

“मंग मी पण न्हाई जात.”

“अगं, सकाळपासून मान मोडून वाट बघितलीस अन् आता आईचं दार आलं तर...” कासाबाईचा आवाज चढला आणि तिचा तिलाच ऐकू आला. ती खाली उकिडवी बसली. “काय झालं? मारती का ती?”

“न्हाई.”

“मंग?”

पोरगी बाभळीची साल नखानं काढायला लागली. “आत गेलं की आई विचारती, घरी मला काय काय म्हणतेत. घरी आलं की पप्पा विचारतेत, तिथं काय काय म्हणले. मला सगळं ध्यानात ठेवावं लागतंय. अन् त्यातलं कोणतं सांगायचं न्हाई, ते पण. एकदा चुकलं तर लय भांडण झालं.” तिनं सालीचा तुकडा मोडला. “रात्री पण तेच ध्यानात ठेवत असते. तुमी आत आल्या तर तुमीच ऐकताल. मंग मला न्हाई कुणी विचारणार.”

कासाबाईचं ओलं लुगडं पोटऱ्यांवर वाळून कडक झालं होतं. ती उठली, पदर डोक्यावरून घेतला, आणि चार माणसांत बोललेला शब्द पायाखाली घेत गल्लीतून पुढं झाली. भक्ती तिच्या मागून आली, एका पावलाच्या अंतरानं, तिच्या अंगाच्या सावलीत.

अंगणात बाजेवर लुगडं पसरून राजेश्री कुरडया घालत होती. हातात सोऱ्या, कपाळावर पीठ. लेकीला बघून तिनं सोऱ्या टाकला आणि तिला अशी कवळ्यात घेतली की पोरीचे पाय जमिनीवरून सुटले. कासाबाई अंगणाच्या दाराशी, उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होती. पोटात ढुशी उठली. तिनं ती तिथंच दाबून धरली, दाराच्या चौकटीला हात लावून. राजेश्रीनं पोरीच्या खांद्यांवरून, फासळ्यांवरून हात फिरवला आणि मग वर बघितलं.

“हिला कामून आणलंस गं संग?” तिनं लेकीला विचारलं.

भक्तीनं तोंड उघडलं.

“तिला नको विचारू,” कासाबाई म्हणाली. “मी समोर हाय, मला विचार.”

“तुमच्याशी मला काय बोलायचं?”

“मंग बोलू नको. पण तिला विचारायचं न्हाई.”

राजेश्रीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पोरीची हनुवटी धरली. “किती वाळलीस गं. खायला देतेत का न्हाई? अन् मला काय काय म्हणतेत तिथं, सांग की बेटा. घाबरू नको, सांग.”

पोरीची मान फिरायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती मान बघितली आणि कासाबाई उंबरा ओलांडून आत आली, चपला न काढता, आणि बाजेच्या कडेला, ओल्या कुरडयांच्या शेजारी बसली.

“मी सांगते,” ती म्हणाली. “ऐक. तिचा बाप म्हणतोय, तुला लेक नको, नुसती पोटगी पाहिजे. रोज म्हणतोय, जेवताना. अन् मी म्हणते, तू नुसती बेंबटणारी शेळी हायस, धार काढायला गेलं की लाथा मारणारी. ते मीच म्हणते, बाप न्हाई. सगुणाबाईला बी सांगितलंय मी ते. आणखी पाहिजे? आणखी हाय.”

राजेश्रीनं लेकीची हनुवटी सोडली आणि ती कासाबाईपुढं येऊन उभी राहिली. “माझ्या अंगणात बसून मला शेळी म्हणतीस? अन् तू कोण गं? माझ्या आयत्या चुलीवर येऊन बसलेली. काडी मोडायची वाट बघत बसली होतीस तू.”

“चूल कसली? मी आले तवा त्या चुलीत मांजर व्यालेलं होतं.”

“तुझ्या तोंडात माती पडो.”

“पडंल तवा पडंल. आज तू आली कामून न्हाईस ते सांग आधी. मला सांग, तिला न्हाई.”

राजेश्रीनं सांगायला सुरुवात केली. मागची भेट, खोटा ताप, त्याच्या आधीची दिवाळी, त्याच्या आधीचं सगळं. कासाबाई प्रत्येकाला परत देत गेली, काही खरं, काही चिडवायला. शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं, मग दुसरं. दोघींचे आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जात होते. आणि बोलता बोलता कासाबाईनं कडेनं बघितलं. भक्ती थोडा वेळ दोघींच्या मधे उभी होती, कुणी विचारेल म्हणून तयार. कुणी विचारलं नाही. ती हळूच मागं सरकली. चुलीवर पातेल्यात कुरडईचा चीक उरला होता, पांढरा, गरम, घट्ट. तिनं एक वाटी शोधली, पळीनं चीक घेतला, वरून साखर घेतली, ती पण डब्यातून तिची तिनं काढली, आणि दोघींकडं पाठ करून पायरीवर बसून खायला लागली. एक वाटी संपली. तिनं दुसरी घेतली.

राजेश्री दमायला लागली होती. तिचे शब्द तेच ते येत होते, मधेच तिनं डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिची नजर पायरीकडं वळायला लागली. कासाबाईचा घसा कोरडा पडला होता, पायात गोळे आले होते, कमरेला फोन पुन्हा गुणगुणायला लागला होता. तिनं पदर खोचला आणि राजेश्री अन् पायरीच्या मधे येईल अशी सरकून बसली.

“अन् तुझ्या भावाचं बोलायचं तर ऱ्हायलंच की,” ती म्हणाली.